पणत्या, केप आणि संध्याकाळचे सहा: एका वसाहतीतील हॅलोविनचे प्रकरण

पार्श्वभूमी

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतील ही एक टाउनहाउस वसाहत. घरे दीडशेच्या आत. निम्म्याहून अधिक घरे भारतीय, त्यांत मराठी तीसेक, बाकी गुजराती, तेलुगू, तमीळ आणि पंजाबी. मधून एक वळसेदार रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. प्रत्येक दारापुढे तीन सिमेंटच्या पायऱ्या आणि चारेक फूट रुंदीचा ओटा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

हॅलोविन दरवर्षी ३१ ऑक्टोबरला असते. मुले वेष घालून संध्याकाळी दारोदार फिरतात, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात आणि पिशवीत गोळ्या-चॉकलेटे जमवतात. या वसाहतीत तीन ते बारा वयाची साठेक मुले फिरतात. एरवी यात विशेष काही नसते. २०२४ साली मात्र दोन सण एकमेकांवर येऊन आदळले.

त्या वर्षी पुण्या-मुंबईहून आलेल्या दिनदर्शिकेत ३१ ऑक्टोबर, गुरुवार या तारखेला नरकचतुर्दशी होती आणि शुक्रवारी लक्ष्मीपूजन. पण अमावास्या लागली भारतीय वेळेनुसार गुरुवारी दुपारी ३:५२ ला आणि संपली शुक्रवारी संध्याकाळी ६:१६ ला. न्यू जर्सीच्या घड्याळात याच वेळा होतात गुरुवारी सकाळी ६:२२ आणि शुक्रवारी सकाळी ८:४६. म्हणजे तिथल्या शुक्रवारच्या संध्याकाळी अमावास्या उरतच नव्हती. लक्ष्मीपूजन गुरुवारी, हॅलोविनच्याच संध्याकाळी. भिंतीवरची छापील तारीख पाहून शुक्रवार धरून बसलेली घरेही होती, आणि त्यांच्यामुळे पुढे एक घोटाळा झाला तो ओघात येईलच.

अडचण

पाच पालकांनी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली बैठक घेतली. दीड तास चालली. त्यातला तासभर गेला चॉकलेटात कोणी विष किंवा ब्लेड घातले तर काय, या चर्चेत. हे दरवर्षीच होते, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगितले पाहिजे.

डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या आहेत. अनोळखी माणसाने हॅलोविनच्या खाऊत विष घालून मूल दगावल्याचे एकही सिद्ध झालेले प्रकरण त्यांना सापडलेले नाही. ज्याचा हटकून दाखला दिला जातो ते १९७४ चे टेक्सासमधील डीअर पार्कचे प्रकरण. त्यात विम्याच्या पैशासाठी सायनाइड घालणारा मुलाचा सख्खा बाप होता. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. पिशवी घरी आल्यावर उघडी पाकिटे काढून टाकणे ही दोन मिनिटांची गोष्ट आहे, जरूर करावी. तिच्यापायी बैठक संपवू नये.

खरा धोका गाडीचा. कॅनडातील संशोधकांनी ‘जामा पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१९ च्या अंकात १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतील अमेरिकी अपघातांची नोंद मांडली. हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांचे मृत्यू आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातील त्याच वाराच्या तुलनेत ४३ टक्के अधिक. चार ते आठ वयोगटात जोखीम दहापट. आणि सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासची. प्रत्यक्ष संख्या लहान आहे, देशभरात दर हॅलोविनला सरासरी चार जादा मृत्यू. पण ते चार कुठे आणि केव्हा होतात हे ठाऊक असताना लक्ष दुसरीकडे लावण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी तिथे सूर्यास्त ५:५५ च्या सुमारास होता. घड्याळे एक तास मागे जाणार होती ३ नोव्हेंबरला. म्हणजे मुले सर्वाधिक संख्येने रस्त्यावर, उजेड जात असलेला आणि ऑफिसातून परतणाऱ्या गाड्यांत लक्ष्मीपूजनाला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांची भर, असे तिन्ही एकाच अर्ध्या तासात.

दुसरी गोष्ट पणत्यांची. पायरीच्या दोन्ही कडांना पणत्या मांडल्या की ज्योत जमिनीपासून दोन-तीन इंचांवर येते. मुलांच्या पाठीवर सोडलेल्या केपची, परीच्या झग्याची, परकराची किनार तेवढ्याच उंचीवर असते. चार फुटी ओट्यावर एकाच वेळी पाच-सहा मुले पिशव्या पुढे करून उभी, मागची ढकलतात, पुढची मागे सरकतात. भोपळ्यात मेणबत्ती ठेवणाऱ्या अमेरिकी घरांतही हा धोका असतो, पण तिथे एक ज्योत आणि तीही भोपळ्याच्या आत. इथे एका दारात बारा ते वीस उघड्या ज्योती. त्यातून त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत वाळलेली पाने साठली होती.

तिसरी अडचण फराळाची. चिवड्यात शेंगदाणे आणि काजू, बर्फीत काजू-पिस्ता, लाडवात तूप. वसाहतीत ॲलर्जीची चार मुले: दोघांना शेंगदाणा, एकाला काजू-पिस्ता (या दोन्हींची ॲलर्जी बहुधा जोडीने येते), एकाला दूध. सणाच्या दिवशी दारात आलेल्या मुलाला करंजी न देता पाठवायचे, हे आजी मंडळींना पटणे कठीण.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ बंदी: बाहेर उघडी ज्योत नको, असे घरमालक संघटनेने फर्मान काढायचे. एका सदस्याने मसुदाही करून आणला होता. तो नाकारला गेला, आणि योग्यच झाले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारात दिवा लावू नका असे पत्र आले असते तर अर्धी वसाहत सुरक्षिततेचा मुद्दा विसरून भांडायला उभी राहिली असती, आणि ज्यांनी एरवी चार पणत्या लावल्या असत्या त्यांनी चाळीस लावल्या असत्या.

दुसरा पर्याय ‘ट्रंक ऑर ट्रीट’. गाड्या एका वाहनतळावर उभ्या करून डिकीतून खाऊ वाटायचा. मुले रस्ता ओलांडतच नाहीत. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा उत्तम. पण गुरुवारी साडेपाचला चाळीस गाड्या सजवून आणणे पूजा असलेल्या घरांना जमणारे नव्हते, आणि शेजारच्या वसाहतींतून येणारी मुले दारोदार फिरलीच असती.

तिसरा पर्याय सर्वांनी विजेच्या पणत्या लावायच्या. सोपा वाटला, काहींनी लगेच मागवल्याही. याची किंमत दुसऱ्या दिवशी कळली.

चौथा पर्याय वेळ विभागण्याचा. सूर्यास्तानंतर प्रदोषकाळ सुरू होतो आणि तो साधारण पावणेतीन तासांच्या आत, त्या दिवशी साडेआठच्या सुमारापर्यंत चालत होता. लक्ष्मीपूजन प्रदोषात करायचे असते, सूर्यास्ताच्या ठोक्याला नव्हे. मग मुलांनी सव्वापाच ते सात फिरावे आणि दारातल्या पणत्या सव्वासातला लागाव्यात. पूजा शास्त्राला धरूनच होते. पंचांग उघडल्यावर वाद मिटला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल; ‘तिन्हीसांजेला दाराशी अंधार ठेवायचा का?’ हा प्रश्न तीन-चार घरांतून आलाच. त्यावर तोड अशी निघाली की सांजेला देवघरातला दिवा आणि खिडकीच्या आतल्या बाजूला काचेच्या ग्लासातला दिवा लावावा, पोर्चमधला विजेचा दिवा चालू ठेवावा, आणि पायरीवरच्या पणत्या सव्वासातनंतर.

हाच पर्याय स्वीकारला गेला. इथे एक निर्णय असा झाला ज्याकडे तेव्हा कोणी फार लक्ष दिले नाही: हे सगळे कळवायचे कसे? मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आणि संघटनेच्या ईमेल यादीवर एक पत्र, एवढे पुरेसे मानले गेले.

काय केले

*वेष.* रविवारी, २७ तारखेला, क्लबहाउसमध्ये वेष-तपासणी ठेवली. चाळीसेक मुले आली. प्रत्येकाने दोन्ही हातांत वजन धरून तीन पायऱ्या चढून-उतरून दाखवायच्या, मान न वळवता बाजूचे हात दिसतात का सांगायचे. बारा मुले पहिल्याच फेरीत किनारीवर पाय देऊन अडखळली. किनार घोट्याच्या वर घेऊन धावदोरा घातला. सेफ्टी पिन लावू नये. ओढ बसली की उघडते आणि टोचते. संपूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे सात होते. पाच जणांनी ते सोडून रंग लावायचे ठरवले, दोघांच्या मुखवट्याची डोळ्यांची भोके कात्रीने मोठी केली. चेहऱ्याचा रंग आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहायला सांगितले. एका मोठ्या मुलीने मांजरीच्या डोळ्यांच्या कॉन्टॅक्ट लेन्स मागवल्या होत्या. अमेरिकेत शोभेच्या लेन्सही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे, आणि मापात नसलेली लेन्स बुबुळाला ओरखडा पाडते. त्या परत गेल्या.

केपची मानेभोवतीची गाठ सोडवून तिथे दोन इंच व्हेल्क्रो शिवला. हेतू असा की केप कठड्यात अडकली तर गळा आवळू नये, ओढ बसताच सुटावी. प्रत्यक्षात ती वेगळ्याच कारणाने कामी आली. मावळ्याच्या वेषातल्या दोन मुलांची तलवार पत्र्याची होती, ती पुठ्ठ्याची करून दिली. त्यांतल्या एकाने दिवसभर त्याचा राग धरला.

*कापड.* तयार वेषांच्या लेबलावर ‘फ्लेम रेझिस्टंट’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ कापड हळू पेट घेते आणि ज्योत दूर केल्यावर विझण्याकडे कल असतो. ते जळतच नाही असा अर्थ नाही. घरी शिवलेल्या झग्यांना तेही लेबल नाही. नेटचे पातळ पॉलिस्टर, खोटे केस, कापूस चिकटवलेल्या दाढ्या आणि सैल बाह्या सर्वांत वाईट. एका पालकाने उरलेल्या नेटचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या बादलीवर पेटवून दाखवला. दोन सेकंदांत वितळून थेंब पडला. व्याख्यानापेक्षा तो थेंब लोकांच्या लक्षात राहिला. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते, म्हणून आत सुती लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट घालायचा ठरला. त्या गुरुवारी हवा अवेळी गरम होती, मुलांनी कुरकूर केली. पण एरवी थंडीमुळे केपवर जाकीट येते तेही या वर्षी येणार नव्हते, म्हणून आतला सुती थर अधिकच महत्त्वाचा.

*दिसणे.* चमकणारी पट्टी, म्हणजे गाडीचा उजेड परत चालकाकडे फेकणारी रिफ्लेक्टिव्ह टेप, पाठीपेक्षा मनगट-घोट्यांवर अधिक उपयोगी. हलणारे हातपाय पाहून चालकाला ‘माणूस’ हे लवकर उमगते; पाठीवरची स्थिर पट्टी खांबासारखी वाटते. एका मुलाला चार पट्ट्या, प्रत्येकी आठ इंच, शिवाय पिशवीवर एक. साठ मुलांना दोनशे फूट टेप पुरली. पहिल्या प्रयत्नात ती नेट आणि मखमलीवर चिकटेना, तासाभरात सुटून आली. मग इंचभर रुंद इलास्टिकवर टेप लावून दोन टाके घातले आणि कडी केली. वसाहतीतली वेगमर्यादा ताशी २५ मैल. त्या वेगाने येणारी गाडी चालकाने पाहिल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही सुमारे ८५ फूट जाते. दोन उभ्या गाड्यांमधून बाहेर येणारे पाच वर्षांचे मूल बॉनेटच्या उंचीचे असते. त्याला कितीही चमकवले तरी ८५ फुटांवरून ते दिसत नाही. म्हणून टेपच्या जोडीला रस्त्याचे नियोजन हवेच होते.

*रस्ता.* आतले रस्ते संघटनेच्या मालकीचे असल्याने पालिकेची परवानगी लागली नाही. सव्वापाच ते सात वळसा एकदिशा केला, तोंडाशी आणि आंधळ्या वळणावर रस्ता अडवायचे शंकू (कोन) ठेवले, दोन्हीकडे दोन-दोन माणसे. कोन असे ठेवले की अग्निशमनाची गाडी आली तर एका माणसाला दहा सेकंदांत उचलता यावेत. पाहुण्यांच्या गाड्या क्लबहाउसच्या वाहनतळावर. मुलांनी एका बाजूची सर्व घरे आधी करायची, मग ठरलेल्या दोनच ठिकाणी ओलांडून दुसरी बाजू. नागमोडी फिरणे बंद. आठ वर्षांच्या आतल्या चार मुलांमागे एक मोठे माणूस, आणि त्या माणसाचा फोन खिशात. बारा वर्षांच्यांना तिघांच्या गटाने मोकळीक दिली.

*खाऊ.* दारात फक्त कारखान्यात बंद केलेले, घटक छापलेले पाकीट किंवा खाण्याव्यतिरिक्त काही: पेन्सिल, स्टिकर, साबणाचे फुगे. ज्या घरी अखाद्य वस्तू होत्या त्यांनी निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवला. ‘टील पम्पकिन’ ही खूण २०१४ पासून अमेरिकाभर चालत आली आहे. छोट्या आकाराच्या चॉकलेटांचे घटक मोठ्या वडीपेक्षा वेगळे असू शकतात आणि सुट्या पाकिटावर ते बहुधा छापलेलेच नसतात, म्हणून वाटणाऱ्यांना मूळ पिशवी दाराशी ठेवायला सांगितले. चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या पिशवीतून कडक गोल गोळ्या, सुकामेवा आणि पॉपकॉर्न काढून घ्यायचे, कारण ते घशात अडकते. फराळाचे टेबल साडेसातनंतर क्लबहाउसात, प्रत्येक डब्यावर घटकांची चिठ्ठी आणि प्रत्येकाला वेगळा चमचा. एकच चमचा चिवड्यातून शंकरपाळ्यांत गेला तर चिठ्ठीचा उपयोग संपतो.

ॲलर्जीच्या मुलांसोबत फिरणाऱ्या मोठ्या माणसाकडे एपिनेफ्रिनची (ॲलर्जीच्या तीव्र झटक्यावरच्या औषधाची) दोन इंजेक्शने स्वतःजवळ, घरी किंवा गाडीत नव्हे. ओठ सुजणे, अंगभर पित्त आणि त्याबरोबर खोकला, घरघर, उलटी किंवा गळून जाणे, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा नुसता श्वास लागला तरी, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच टोचायचे, तीन सेकंद दाबून धरायचे, ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा, मुलाला आडवे ठेवायचे. श्वास लागत असेल तर बसू द्यावे. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरे. अंगावर उठलेल्या पित्ताचे औषध (अँटिहिस्टामिन) देऊन वाट पाहणे ही नेहमीची चूक. ते खाज थांबवते, श्वास वाचवत नाही.

प्रत्यक्ष संध्याकाळ

सव्वापाच ते साडेसहा सुरळीत गेले. कोनांवरच्या माणसांनी एकूण चौदा गाड्या थांबवल्या. त्यांत रहिवाशांच्या दोन. बाकी सगळ्या पार्सल आणि जेवण पोहोचवणाऱ्यांच्या. त्यांना ईमेल गेलेले नव्हते, आणि जाणारही कसे? एकजण वळसा उलट्या दिशेने घेऊ पाहत होता. त्याची चूक नव्हती, फलकच नव्हता.

६:४० ला एका घरापुढे गडबड झाली. त्या घरी पेनसिल्व्हेनियाहून नातेवाईक आले होते. यजमान मुलांबरोबर फिरायला गेलेले, पाहुण्यांनी हौसेने पायऱ्यांवर दोन्ही कडांना सोळा पणत्या लावल्या. शेजारच्या तेलुगू घरानेही लावलेल्या होत्या; ते मराठी गटावर नव्हते आणि संघटनेच्या ईमेलचा विषय होता ‘ऑक्टोबर सूचना’, तो त्यांनी उघडलाच नव्हता. सहा वर्षांचा एक वटवाघूळ खाऊ घेऊन मागे सरकला, केपचे टोक पणतीवर गेले.

सोबतच्या बाईंनी केप खेचली. व्हेल्क्रो सुटला, केप हातात आली, ती त्यांनी पायऱ्यांखाली टाकून बुटाने विझवली. सगळे तीन-चार सेकंदांत. गाठ असती तर ते सेकंद गाठ शोधण्यात गेले असते. पोटरीवर रुपयाएवढी लाल जागा उठली. लेगिंगला भोक पडले होते, वितळलेले पॉलिस्टर त्यावरच थांबले होते. जागा वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरली. दरम्यान एकांनी टूथपेस्ट आणली आणि एकांनी हळद-तूप. दोन्ही परत पाठवले. भाजल्यावर लेप लावला की उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरला जखमेची खोली दिसत नाही. बर्फही नको. मुलाला ‘थांब, आडवा हो, लोळ’ शिकवलेले होते, पण त्या क्षणी त्याने पळण्यासाठी पाऊल उचललेच होते. सहा वर्षांच्या मुलाने शिकवलेले आठवावे यावर योजना उभी राहत नाही.

इथे ठरवायचे होते की फेरी थांबवावी का. समन्वय पाहणाऱ्या दोघांनी थांबवली नाही. त्याऐवजी चार माणसे प्रत्येक दारी जाऊन सुरू असलेल्या पणत्या सातपर्यंत विझवा किंवा कठड्याच्या आत घ्या, असे सांगत फिरली. सात मिनिटांत अकरा घरांच्या पणत्या आत गेल्या. कोणी वाद घातला नाही. समोर येऊन सांगितल्यावर जे सात मिनिटांत झाले ते आधीच्या रविवारी करता आले असते.

शुक्रवारी लक्ष्मीपूजन धरणाऱ्या घरांचा घोटाळा किरकोळ: त्यांना वाटले पणत्यांची सूचना शुक्रवारसाठी आहे. त्यांच्याकडे गुरुवारी नरकचतुर्दशीच्या चारच पणत्या होत्या, पण लागलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

विजेच्या पणत्यांचा खाली झाकण असलेला स्वस्त प्रकार असतो. झाकणाला स्क्रू नाही, नखाने उघडते. आत वीस मिलिमीटरचा बटण सेल. शुक्रवारी सकाळी साडेआठला एका घरात वीस महिन्यांच्या मुलाजवळ उघडी पणती सापडली. सेल नाही. मूल हसत खेळत होते.

आजींचे म्हणणे: केळे खाऊ घाला, पडून जाईल. वडिलांचे: काही त्रास दिसला तर बघू. दोन्ही नाण्याच्या बाबतीत एक वेळ चालून जाईल, सेलच्या बाबतीत नाही. सेल अन्ननलिकेत अडकला की लाळेतून वीज वाहते, ऋण बाजूला दाहक अल्क तयार होते आणि दोन तासांत भाजून भोक पडण्यापर्यंत मजल जाते. सुरुवातीला लक्षण काहीच नसते, किंवा नुसती लाळ गळते. आईने विषबाधा केंद्राला १-८००-२२२-१२२२ वर फोन केला. वय एक वर्षावर असल्याने दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध द्या, दर दहा मिनिटांनी पुन्हा, आणि निघा, वाट पाहू नका, असे सांगण्यात आले. केळे नाही, उलटी काढायची नाही. नवाच्या आधी मूल आपत्कालीन विभागात होते.

क्ष-किरणात काही निघाले नाही. सेल संध्याकाळी सोफ्याच्या गादीच्या फटीत सापडला. वडिलांच्या मते सकाळ आणि बिल दोन्ही वाया गेले. उपलब्ध माहितीवर तोच निर्णय बरोबर होता; सेल सोफ्यात आहे हे साडेआठला कोणालाच ठाऊक नव्हते. चूक त्याआधीची होती. २०२२ च्या ‘रीसेज लॉ’ या कायद्यानुसार अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंचे झाकण मुलांना उघडता येऊ नये, पण ऑनलाइन बाजारात आणि भारतातून सामानात आलेल्या पणत्यांत सर्रास साधे झाकण असते. समितीने ‘विजेच्या चालतील’ एवढेच लिहिले, झाकणाबद्दल एक शब्द नव्हता.

निष्पत्ती

वाहनाचा अपघात नाही, ॲलर्जीचा झटका नाही. एक किरकोळ भाजणे, तीन दिवसांत बरे झाले. एक रुग्णालय फेरी. वेष-तपासणीला न आलेल्या वीसेक मुलांपैकी दोघे किनारीवर पाय पडून पायऱ्यांवर पडली, गुडघे खरचटले. तपासणी झालेल्यांपैकी कोणी पडले नाही. संख्या इतकी लहान आहे की यावरून काही सिद्ध होत नाही, पण पुढच्या वेळी तपासणी दोन वेळा ठेवावी एवढे पुरेसे आहे.

वेगळे काय करता आले असते

दारावर लावायचा कागद हवा होता. संदेश गटावर असलेल्यांना पोहोचतो. धोका गटाबाहेरच्यांकडून आला. एका पानावर तीन ओळी, मराठी, गुजराती, तेलुगू, तमीळ, हिंदी आणि इंग्रजीत: पायरीवरच्या पणत्या सव्वासातनंतर, घरी पाहुणे असतील तर त्यांनाही सांगा, सात वाजेपर्यंत रस्ता एकदिशा. कागद दाराच्या आतल्या बाजूला, काड्यापेटी ठेवतात त्या कपाटाजवळ चिकटवायचा. पणती पेटवणारा हात तिथेच येतो.

वसाहतीच्या तोंडाशी फलक, पार्सलवाल्यांना दिसेल असा, कोनांच्या आधी पन्नास फुटांवर. त्या पावणेदोन तासांत घरी जेवण मागवायचे नाही, ही विनंतीही करता आली असती.

सव्वासातनंतरही पणत्यांची जागा बदलावी: पायरीच्या कडेऐवजी कठड्याच्या पलीकडे, वाळलेली पाने झाडून, मातीच्या ताटलीत थोडी वाळू घालून. उशिरा येणारी मोठी मुले साडेसातपर्यंत दार वाजवत होतीच. विजेची पणती घ्यायची तर स्क्रूचे झाकण असलेली किंवा एए सेलची माळ. आणि मांडताना मोजून, उचलताना मोजून.

आणि पहिल्या बैठकीचा तो तास. विषाच्या चर्चेला दहा मिनिटे देऊन उरलेल्या वेळात वसाहतीचा नकाशा टेबलावर पसरला असता, तर ‘गटावर नसलेली घरे कोणती’ हा प्रश्न बहुधा त्याच रात्री कोणीतरी विचारला असता.

नकाशा, कागदाचा मसुदा आणि इलास्टिकच्या कड्या आता क्लबहाउसच्या कपाटात एका खोक्यात आहेत. खोक्यावर २०२७ लिहिले आहे. त्या वर्षी भारतात लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला येते, म्हणजे हॅलोविनच्या रविवारी घराघरांत दिवाळीच चालू असेल. न्यू जर्सीच्या घड्याळाप्रमाणे तिथी कोणत्या संध्याकाळी पडते ते सप्टेंबरातच काढायचे, असे झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहे.